आबांना हार्टच्या डॉक्टरकडे नेताना: गावाकडून जळगाव-धुळ्याला जाणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

गावात कोणाच्या छातीत कळ आली की आता पहिला फोन मला येतो, डॉक्टरला नंतर. मी डॉक्टर नाही, माझं ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. पण गेल्या चार वर्षांत आबांना घेऊन जळगावला हार्टच्या दवाखान्यात इतक्या चकरा झाल्या की कोणत्या काउंटरला आधी उभं राहायचं, कोणता कागद मागतील, अर्धा दिवस कुठे वाया जातो हे सगळं पाठ झालंय. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. गोळी कोणती घ्यायची ते तुमचे डॉक्टर सांगतील, मी सांगतोय ते त्यांच्यापर्यंत नीट अन वेळेत पोहोचायचं कसं.

आधी 'गॅस' हा शब्द घराबाहेर काढा

आबांना झालं तेव्हा डिसेंबर होता. रात्री शेतात भरीत पार्टी झालेली, कळण्याची भाकरी, भरतावर तेलाचा तवंग, कोणालाही गॅसच वाटणार. पहाटे चारला आबा उठून बसले, बाहेर एवढी थंडी अन यांची बंडी घामाने ओली. विचारलं दुखतंय का, तर म्हणे, "दुखत नही रे, छातीवर कोन्ही दगड ठेवेल शे असं वाटस." मग आम्ही ओवा दिला, सोडा-लिंबू दिला, एका ठिकाणी गॅसचं इंजेक्शनही टोचून घेतलं, अन जळगावला पोहोचलो सकाळी साडेनऊला. साडेपाच तास गेले. हार्टचा काही भाग कायमचा गेला तो त्या साडेपाच तासांतच, असं नंतर इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले.

तर पहिली पायरी ही. हार्टचा माणूस पुष्कळदा 'दुखतंय' म्हणतच नाही. जड वाटतं म्हणतो, आवळल्यासारखं म्हणतो, जळजळ म्हणतो. छातीच्या मधोमध दाब, तो डाव्या हातात, कधी दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत जाणं, सोबत गार घाम, धाप, मळमळ. शुगरवाल्यांना, बायकांना अन वय झालेल्यांना छातीत काहीच न होता नुसती धाप लागते किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं, हे तर अजिबात लक्षात येत नाही. असं काही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर गॅस आहे की हार्ट हे ठरवायचं काम ईसीजीचं आहे, तुमचं, माझं किंवा शेजारच्या जिभाऊंचं नाही.

त्या वेळी करायचं काय: माणसाला जिथं आहे तिथं टेकून बसवा, चालवू नका, मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये तर अजिबात बसवू नका. १०८ ला फोन लावा, आपल्याकडे ही गाडी २०१४ पासून आहे अन फुकट आहे. गाडीला वेळ लागणार असेल तर ओळखीची चारचाकी काढा, पण पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही. अ‍ॅस्पिरिनची ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला सांगतात, पण ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे, पोटात अल्सरचं रक्त गेलेलं आहे किंवा लकव्यासारखं वाटतंय त्याला नाही, म्हणून तुमच्या माणसाला चालते का हे आजच फॅमिली डॉक्टरला विचारून ठेवा, पहाटे चारला नका विचारू. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या खिशातून उसनी घेऊ नका, बीपी आधीच कमी असेल तर ती माणसाला आडवं करते, अन कोणी ताकदीच्या गोळ्या म्हणजे व्हायग्राच्या जातीचं काही घेतलं असेल तर फारच वाईट. हे लाजेपोटी लोक सांगत नाहीत, पण डॉक्टरला सांगा.

दोन तासांचं गणित

हे आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं लांबवतो. हार्ट अटॅक म्हणजे हार्टच्या नसेत गुठळी बसून पुढचं पाणी बंद होणं, म्हणजे रक्त हो. ती उघडायचे दोन रस्ते. एक, कॅथलॅबमध्ये म्हणजे नसांत नळी घालायच्या खास खोलीत नेऊन फुग्याने अन स्टेंटने, म्हणजे नस उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीने, उघडणं. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. पहिला जास्त चांगला, पण तो ईसीजीत अटॅक दिसल्यापासून साधारण दोन तासांच्या आत होणार असेल तर. त्यात बसत नसेल तर इंजेक्शन जवळच्याच ठिकाणी लवकर द्यायचं अन मग पुढे हलवायचं, असं शास्त्र आहे. इंजेक्शनचा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर जवळजवळ नाहीच.

आता नकाशा बघा. भुसावळवाल्याला जळगाव पंचवीस किलोमीटर, त्याने सरळ कॅथलॅब गाठावी. पण धडगाव-अक्कलकुव्याकडून सातपुड्याचे घाट उतरून यायचं तर दोन तास रस्त्यातच गेले. त्यांनी आधी जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी काढायचा अन तिथल्या डॉक्टरला सरळ विचारायचं, "साहेब, गुठळी विरघळायचं इंजेक्शन इथं देता येईल का?" अन इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून घरी परत फिरायचं नाही, पुढे अँजिओग्राफी म्हणजे नसांची तपासणी लागतेच, शक्यतो चोवीस तासांच्या आत.

म्हणून माझं म्हणणं असंय की हे काम आजारी पडायच्या आधीचं आहे. या आठवड्यात तुमच्या गावापासून जवळच्या दोन दवाखान्यांना फोन करा अन तीनच गोष्टी विचारा: कॅथलॅब रात्रीची चालू असते का, हार्टचे डॉक्टर रात्री किती वेळात पोहोचतात, अन सरकारी योजना हार्टसाठी चालते का. उत्तरं कागदावर लिहून आतल्या दारामागे चिकटवा. आमच्या घरी तो कागद कॅलेंडरच्या खाली आहे.

कोणत्या डॉक्टरकडे, हे पण बघा

पाटीवर 'हृदयरोग' लिहिलं म्हणजे सगळे सारखे नसतात. एमडी मेडिसिनवाले बीपी, शुगर, साधा ईसीजी चांगला सांभाळतात अन रोजच्या तपासणीला तेच जवळ बरे. कार्डिऑलॉजिस्ट म्हणजे त्यापुढे डीएम किंवा डीएनबी केलेले, अँजिओग्राफी अन अँजिओप्लास्टी (फुग्या-स्टेंटने नस उघडणं) हे करतात. बायपास करणारे सर्जन वेगळे, त्यांना सीव्हीटीएस म्हणतात. अन पायाच्या, मानेच्या नसांचे व्हॅस्क्युलर सर्जन अजून वेगळे, ते आपल्याकडे कमी, पुष्कळांना त्यासाठी नाशिक किंवा पुण्याला जावं लागतं. सरकारी म्हणाल तर धुळ्याचं मेडिकल कॉलेज जुनं, जळगावचं २०१८ पासून, नंदुरबारचं २०२० पासून. पण तिथं तुमच्या गरजेची तपासणी त्या दिवशी होते का हे आधी विचारूनच निघा.

फाइल बनवा, पिशवी नको

ओपीडीत डॉक्टर तुम्हाला आठ-दहा मिनिटं देणार, त्यातली पाच मिनिटं आपण पिशवीतून कागद उपसण्यात घालवतो. आबांच्या गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत असायच्या, पाकिटं माईने कात्रीने अशी कापलेली की नाव एका तुकड्यावर अन तारीख दुसऱ्या तुकड्यावर, अन ते दुसरे तुकडे चुलीत. डॉक्टरांनी एक पांढरी गोळी हातावर घेतली, उलटीसुलटी केली अन म्हणाले, पांढऱ्या गोळ्या हजार असतात हो. तेव्हापासून पूर्ण पाकीट नेतो.

ईसीजीचा कागद हा वेगळाच विषय आहे. तो उष्णतेने छापलेला असतो, एसटीच्या तिकिटासारखा, त्यामुळे आपल्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवला की फिका पडतो. मी शहाणपणा करून आबांचा पहिला ईसीजी लॅमिनेट करायला दिला, दुकानदाराने मशीनमध्ये घातला अन बाहेर आला तो काळा कुळकुळीत, नुसती पाटी. म्हणून ईसीजी मिळाला की लगेच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो काढा, मूळ कागद सावलीत ठेवा. जुना ईसीजी फार कामाचा असतो, नव्यातला बदल जुना आहे की आजचा हे त्यावरून कळतं.

फाइलच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहा: वय, शुगर-बीपी किती वर्षांपासून, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, तंबाखू-विडी किती, घरात कोणाला कमी वयात हार्टचं झालं होतं का. खाली त्रासाचं वर्णन, पण 'छातीत दुखतं' एवढंच नको. काय करताना होतं, किती मिनिटं राहतं, थांबल्यावर जातं का, हे लिहा. आबांचं आता मी असं लिहितो, "जेवण करून विहिरीकडे जाताना चढावर छाती भरते, बसलं की पाच मिनिटांत मोकळी." अन पेशंटला पाठवून स्वतः बाहेर बसू नका, तंबाखूचं खरं तर तुम्हीच सांगणार. आबा अजूनही डॉक्टरसमोर म्हणतात, "कधी मधी".

ओपीडीचा दिवस अन तपासण्या

सैल शर्ट घालून न्या, ईसीजीला छाती उघडी करावी लागते, अन छातीवर केस दाट असतील तर ईसीजीच्या चकत्या नीट चिकटत नाहीत. सकाळच्या गोळ्या बंद करू नका, नाहीतर बीपी खोटंच जास्त दिसतं, फक्त कोणत्या तपासणीसाठी थांबवायला सांगितल्या असतील तर तेवढ्याच. बीपी मोजायच्या आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको अन पाच मिनिटं टेकून बसलेलं पाहिजे. एसटीतून उतरून जिना चढून आल्या आल्या मोजलं तर ते पेशंटचं बीपी नसतं, जिन्याचं असतं.

ईसीजी नॉर्मल आला म्हणजे सुटलो असं नाही, तो त्या दहा सेकंदांचा फोटो आहे. म्हणून दुखत असताना आलेल्या माणसाला ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी करतात अन पुष्कळदा काही तासांनी परत करतात, कारण ते वाढायला वेळ लागतो. टूडी इको म्हणजे हार्टची सोनोग्राफी, दुखत नाही, उपाशी जायची गरज नसते. त्यात ईएफ म्हणून आकडा येतो. लोक घाबरतात, "फक्त ५५ टक्केच चालतंय हो हार्ट!" अरे भो, ५५ नॉर्मलच आहे, हार्ट एका ठोक्यात सगळं रक्त कधीच बाहेर टाकत नाही. ४० च्या खाली आलं की काळजीचं. आबांचं ३८ होतं, औषधांवर ४५ झालं.

टीएमटी म्हणजे पट्ट्यावर पळवतात ते. चप्पल नको, बूट घाला, दोन-तीन तास आधीपासून जड खाऊ नका, अन गुडघे धरलेले असतील तर आधीच सांगा, मग दुसरी तपासणी करतात.

अँजिओग्राफी, अन टेबलावरचा तो प्रश्न

अँजिओग्राफी हे ऑपरेशन नाही, तपासणी आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून नसांत डाय म्हणजे फोटोत नसा दिसाव्यात म्हणून औषध सोडतात अन फोटो घेतात. त्याआधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी बघतात, कारण डाय किडनीतून बाहेर पडतो. शुगरची मेटफॉर्मिन चालू असेल तर ती थांबवायची का अन परत कधी सुरू करायची हे विचारा. चार-सहा तास उपाशी ठेवतात. झाल्यावर पाणी किती प्यायचं तेही विचारा, ईएफ कमी असलेल्याला पाण्याचं माप असतं. मनगटातून केलं असेल तर त्या हाताने काही दिवस बादली उचलायची नाही, मोटरसायकलचा अ‍ॅक्सिलेटर पिळायचा नाही. जागा फुगली किंवा रक्त आलं तर दाबून धरा अन ताबडतोब परत जा, बोटं गार अन काळी-निळी पडली तरी ताबडतोब परत जा, पण तेव्हा दाबू नका.

खरा गोंधळ त्यानंतर होतो. आतून कोणीतरी येतं, टीव्हीवर नसा दाखवतात, "दोन ब्लॉकेज आहेत, आत्ताच स्टेंट टाकून घेऊ का?" अन दहा मिनिटांत सही. इथं दोन परिस्थिती वेगळ्या करा. अटॅक चालू आहे, तर प्रश्नच नाही, हो म्हणा, प्रत्येक मिनिटाला हार्टचा स्नायू मरतोय. पण पेशंट स्वतःच्या पायाने तपासणीला आला होता, दुखणं जुनं अन चालतानाच होणारं, तर पुष्कळदा एक दिवस थांबून विचारायला वेळ असतो. २०२० मध्ये 'इस्केमिया' नावाचा पाच हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास छापून आला, त्यात अशा स्थिर पेशंटमध्ये चांगली औषधं देऊन थांबलेले अन आधीच स्टेंट-बायपास केलेले यांच्यात मृत्यूच्या बाबतीत फरक दिसला नाही, त्रास कमी व्हायला मात्र स्टेंट-बायपासचा फायदा झाला. मुख्य डाव्या नसेत मोठं ब्लॉकेज असलेले त्यात घेतलेले नव्हते, त्यांचं गणित वेगळं. म्हणून विचारायचं ते असं: ब्लॉकेज कोणत्या नसेत, किती टक्के, आज नाही केलं तर काय होईल, अन शुगर असून तिन्ही नसा खराब असतील तर बायपास जास्त टिकेल का? शुगरवाल्यांत पुष्कळदा टिकते. चांगला डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाही. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, ती दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येते, नुसत्या रिपोर्टवर दुसरं मत नीट मिळत नाही.

अन कोणी 'बिना ऑपरेशन नसा साफ' असा काढा विकत असेल तर सरळ वाट धरा. ठिबकच्या नळ्या चोक झाल्या की आपण अ‍ॅसिड सोडून साफ करतो, गिऱ्हाईक मला विचारतात नसांचं तसं होत नाही का म्हणून. नाही होत. नळीत क्षार साचतो तो आतून चिकटलेला असतो, नसेतलं ब्लॉकेज भिंतीच्या आत वाढलेलं असतं.

पैशाचं

मोफत उपचाराची सरकारी महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, पिवळं, केशरी, पांढरं, अन कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. धुळे जिल्ह्याला तर ही २०१२ पासून माहीत आहे, जीवनदायी म्हणून पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होतं. पण दवाखाना योजनेत आहे म्हणजे हार्टसाठी आहेच असं नाही, तेवढं स्वतंत्र विचारा, हेल्पलाइन १५५३८८. दवाखान्यात आरोग्यमित्राचं म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असतं, अ‍ॅडमिट होताना आधी तिथं जा, डिपॉझिट भरून मग नाही. आमचं अडलं ते नावावर, रेशनकार्डावर आबांचं पाळण्यातलं नाव अन आधारवर शाळेतलं. दुरुस्तीला तहसीलच्या किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. आजच दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा.

स्टेंटच्या किमतीवर सरकारची मर्यादा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषध सोडणाऱ्या स्टेंटला २९,६०० रुपये ठरले होते, नंतर ती मर्यादा बदलत गेली, पण आजही आहे. बिलात स्टेंट वेगळा दाखवायला सांगा, कंपनी, नग अन किंमत. पाकिटावरचा स्टिकर फाइलमध्ये लावलेला पाहिजे, त्यावर बॅच नंबर असतो.

पायाच्या नसा

हार्टच्या नादात पाय राहून जातात, अन पाइप तर एकच सगळीकडे. चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जातो, परत तेवढंच चाललं की परत येतो, हे वय नाही, हे पायाच्या नसेतलं ब्लॉकेज असू शकतं. आमच्या गल्लीतले एक काका अंतर इलेक्ट्रिकच्या खांबांनी मोजायचे, आधी सहा खांब चालायचे मग चार मग दोन. डॉक्टरला हे सांगितलं तर त्यांनी तेच जसंच्या तसं केसपेपरवर लिहून घेतलं. पहिली तपासणी सोपी असते, घोट्याचं बीपी अन हाताचं बीपी यांचा भागाकार, ०.९ च्या खाली आला तर नस आकसलेली. शुगरवाल्यांच्या नसा कडक झाल्या की हा आकडा खोटाच चांगला येतो, तेव्हा डॉपलर म्हणजे नसांची सोनोग्राफी करतात. तिशी-चाळिशीतला विडी ओढणारा अन बोटाचं टोक काळं पडतंय, तर तो वेगळा आजार असू शकतो, त्यात विडी पूर्ण बंद केल्याशिवाय कोणतंच औषध टिकत नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण, तंबाखू मळणं पण.

पाय एकाएकी गार, पांढरा अन बधिर झाला तर तो पायाचा हार्ट अटॅक समजा, साधारण सहा तासांत नस उघडली नाही तर पाय जायची वेळ येते. शेकू नका, चोळू नका, निघा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी असू शकते, ती चोळली की सुटून फुप्फुसात जाऊ शकते, अन आपल्याकडे पाय दुखला की पहिलं काम नातवाला पायावर उभं करणं. फुगलेल्या निळ्या शिरांसाठी मेडिकलमधून घट्ट मोजे आणायच्या आधी डॉपलर करा, रक्त आणणारी नस आधीच बारीक असेल तर मोजा नुकसान करतो.

घरी आल्यावर

स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या असतात, साधारण सहा महिने ते वर्षभर दोन्ही, पुढे बहुतेक एक कायम. दात काढायचाय म्हणून, बरं वाटतंय म्हणून किंवा पाकीट संपलं अन बाजार रविवारीच आहे म्हणून बंद केल्या की स्टेंटमध्ये गुठळी बसू शकते. पाकिटात पाच गोळ्या राहिल्या की नवीन आणायचं, असा आमचा नियम आहे.

मिठाचं सांगितलं की आपण भाजीतलं मीठ कमी करतो अन ताटात पापड, बिबडे, ठेचा, लोणचं तसंच. खरं मीठ तिथंच आहे. उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला गेला की लघवी वाढवणाऱ्या अन बीपीच्या गोळ्यांवर असलेल्यांना उठताना अंधारी येते, गोळी स्वतः कमी न करता बीपी मोजून डॉक्टरला फोन करा. अन रावेर-यावलवाल्यांसाठी खास, केळी वाईट नाही, पण किडनी कमजोर असेल अन पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर दिवसाला किती हे विचारूनच खा. आबांना डॉक्टरांनी एक सांगितलंय, ते सगळ्यात मोठं शोधून खातात.

फॉलोअपच्या आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून डॉक्टर आहेत का ते विचारा. आम्ही एकदा पहाटेची एसटी धरून गेलो, आबा उपाशी, रिसेप्शनची ताई म्हणे सर बाहेरगावी, सोमवारी या. आबांनी तिथंच शबनममधून डबा काढला अन बाकावर बसून भाकरी खाऊन घेतली, ठेच्यासकट.